बायोमेकॅनिक्सच्या संस्थेतील वैविध्य समितीवर जावे का, आणि गेल्यास नेमके काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अमेरिकेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधन, करत आहात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांच्या चालण्यात होणारे बदल हा तुमचा विषय आहे, आणि ज्या बायोमेकॅनिक्स (शरीराच्या हालचालींचे आणि त्यांमागील बलांचे शास्त्र) संस्थेच्या परिषदांना तुम्ही विद्यार्थिदशेपासून जात आहात, तिने तुम्हाला वैविध्य आणि समावेशन समितीवर, म्हणजे सर्व गटांतल्या लोकांना संस्थेत स्थान मिळावे हे पाहणाऱ्या समितीवर, येण्याचे निमंत्रण दिले आहे. अशा समित्या केवळ दाखवण्यापुरत्या असतात का, गाइड म्हणतात त्याप्रमाणे या कामामुळे शोधनिबंध मागे पडतील का, आणि पुण्यातल्या सुस्थित घरातून, नामांकित महाविद्यालयातून आलेल्या व्यक्तीने तिथे कोणाच्या वतीने बोलायचे, अशा तुमच्या तीन शंका आहेत.

मी कॅनडातल्या एका विद्यापीठात चालण्याच्या विश्लेषणाची प्रयोगशाळा चालवते. याच विषयातल्या एका संस्थेच्या परिषदेसाठी शोधसारांश (आलेल्या संशोधनाची थोडक्यात वर्णने) निवडणाऱ्या समितीवर मी आधी काम केले आणि नंतर तिच्या वैविध्य समितीवर. माझे मत आधीच सांगते: काही अटी मान्य होत असतील तर हे निमंत्रण अवश्य स्वीकारा. त्या अटी कोणत्या आणि का, हेच पुढे लिहीत आहे.

तुमच्या पहिल्या शंकेच्या मुळाशी असलेली अडचण अशी आहे की वैज्ञानिक संस्थेत खरे महत्त्वाचे निर्णय पाच-सहाच असतात. परिषदेच्या मुख्य भाषणाला कोणाला बोलवायचे, कोणता शोधसारांश व्यासपीठावरून मांडायचा आणि कोणता पोस्टरवर, पुरस्कारांसाठी कोणाची नावे सुचवायची, परिषद कोणत्या शहरात घ्यायची आणि शुल्क किती ठेवायचे, हे सगळे कार्यक्रम समिती, पुरस्कार समिती आणि कार्यकारिणी ठरवतात. वैविध्य समितीला मात्र बहुधा परिषदेतली एक दुपार दिली जाते, तिथे एक परिसंवाद आणि सोबत जेवण होते, आणि बाकीचे निर्णय पूर्वीप्रमाणेच होत राहतात. अशा दुपारी निरर्थक असतात असे मी म्हणणार नाही. एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याला तिथे पहिल्यांदा ओळखीचा चेहरा सापडतो, हे मी पाहिले आहे. पण समितीचे काम तेवढ्यावरच थांबत असेल, तर तुमचे श्रम संस्थेच्या कारभारापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून तुम्हाला मिळालेल्या जागेवरून या पाच-सहा निर्णयांपर्यंत वाट जाते का, एवढेच पाहा.

ती वाट आहे की नाही, हे परिस्थितीवर अवलंबून असते आणि मी ते इथून सांगू शकत नाही. समिती संस्थेच्या नियमावलीत कायमस्वरूपी नोंदलेली आहे की एखाद्या अध्यक्षाच्या कारकिर्दीपुरती नेमलेली, तिच्या प्रमुखाला कार्यकारिणीत मत आहे का, तिच्या नावावर स्वतंत्र रक्कम आहे का, संस्था काहीशे सभासदांची आहे की काही हजारांची, आणि तुमचे विद्यापीठ कोणत्या राज्यात आहे, या सगळ्याने उत्तर बदलते.

गाइडशी बोलण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करून ठेवा, कारण ती त्यांना शास्त्रज्ञ म्हणून पटण्याजोगी आहे. आपल्या विषयात माणसाचे शरीर मोजले जाते, आणि कोणाचे शरीर मोजले गेले यावर आपली गणिते उभी असतात. सांध्यावरील बलाचे आघूर्ण (बलाचा सांधा फिरवण्याचा परिणाम) काढायचे तर मांडी, पोटरी आणि पाऊल यांचे वस्तुमान, वस्तुमान केंद्र आणि जडत्वाघूर्ण (फिरवण्याला होणारा विरोध) माहीत असावे लागते. अनेक अभ्यासक्रमांत आजही शिकवली जाणारी त्यांची कोष्टके डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या अभ्यासापर्यंत मागे जातात, आणि त्या अभ्यासात आठ शवे होती, आठही पुरुषांची, बहुतेक उतारवयातील. पुढे झात्सिओर्स्की आणि सेलुयानोव्ह यांनी गॅमा किरणांच्या साहाय्याने जिवंत व्यक्तींची मोजमापे घेतली, तेव्हा त्यांच्या नमुन्यात १०० पुरुष आणि १५ स्त्रिया होत्या, तरुण आणि तंदुरुस्त. या आकड्यांमुळे प्रत्येक निष्कर्ष चुकतो असे मुळीच नाही. पाऊल जमिनीवर टेकलेले असते तेव्हा जमिनीची प्रतिक्रिया एवढी मोठी असते की कोष्टकातील फरक तिच्यापुढे फारसा जाणवत नाही; पाय हवेतून पुढे येत असताना किंवा हालचाल वेगवान असताना तो अधिक जाणवतो. पण तुमच्या रुग्णांमध्ये साठीच्या पुढच्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांचे प्रमाण मोठे असणार, आणि त्यांच्यासाठी वापरलेले कोष्टक कोणाच्या शरीरावरून आले हे विचारणे हा शुद्ध पद्धतिशास्त्राचा प्रश्न आहे.

हीच गोष्ट अपघाताच्या बायोमेकॅनिक्समध्ये अधिक कठोरपणे दिसते. मोटारींच्या समोरासमोरच्या धडकेच्या चाचणीत जगभर वापरला जाणारा हायब्रिड थ्री हा पुतळा १९७६ मध्ये मध्यम अमेरिकी पुरुषाच्या मापाने घडवला गेला, सुमारे १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा. पुढे त्याचे लहान स्त्री-रूप आले, पण ते अगदी लहान चणीच्या स्त्रीचे होते. मध्यम बांध्याच्या स्त्रीच्या मापाचा, १६२ सेंटिमीटर आणि ६२ किलोचा पुतळा स्वीडनमध्ये ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ मध्ये पुढे आणला. दरम्यान २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील अपघातांच्या नोंदी तपासून दाखवले होते की तशाच तीव्रतेच्या धडकेत पट्टा बांधलेल्या स्त्री-चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक होती. या फरकामागे बसण्याची पद्धत, मानेचे स्नायू, गाडीचा प्रकार अशी बरीच कारणे आहेत आणि सगळा दोष पुतळ्यावर टाकणे अशास्त्रीय ठरेल. तरीही चाचणीच ज्या शरीरावर झाली नाही, त्याच्या सुरक्षिततेची खात्री देता येत नाही, एवढे नक्की.

नमुने असे का होतात, हे आपल्या प्रयोगशाळेच्या दारातच कळते. मार्कर, म्हणजे हालचाल टिपण्यासाठी कॅमेऱ्यांना दिसणाऱ्या लहान खुणा, लावायचे म्हणजे कमरेच्या हाडांवर, मांडीवर, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना उघड्या त्वचेवर किंवा अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांवर लावावे लागतात. जी स्त्री परपुरुषासमोर तशा कपड्यांत उभी राहणार नाही, ती ‘स्वयंसेवक मिळाले नाहीत’ या वाक्यात नाहीशी होते. पोटावर चरबी असेल तर कमरेच्या पुढच्या हाडाची टोके बोटांना नीट सापडत नाहीत, मार्कर त्वचेबरोबर सरकतात, म्हणून कित्येक अभ्यासांत वजन जास्त असलेल्या व्यक्तींना निकषातूनच वगळले जाते. दाट कुरळ्या केसांवर किंवा हिजाबवर डोक्याचा पट्टा कसा बसवायचा, हे बहुतेक प्रयोगशाळांच्या कार्यपुस्तिकेत लिहिलेले नसते. माझ्या प्रयोगशाळेत आम्ही मार्कर लावणारी व्यक्ती निवडण्याचा अधिकार सहभागी व्यक्तीला दिला, आडोशाची खोली ठेवली, निरनिराळ्या मापांचे कपडे आम्हीच ठेवू लागलो आणि हे सर्व सहभागाच्या माहितीपत्रकात आधी लिहिले. या सुधारणा सुचवल्या त्या मार्कर लावून घेताना स्वतः अवघडलेल्या विद्यार्थिनींनी. मार्करविना छायाचित्रणावरून हालचाल मोजणाऱ्या नव्या प्रणालींमुळे हा प्रश्न काहीसा सुटेल, पण सैल कपड्यांत किंवा साडीत त्यांची अचूकता किती राहते हे कोणीतरी विचारले पाहिजे, आणि ज्यांच्या घरात साडी नेसली जाते त्यांना ते आधी सुचते.

क्रीडाविज्ञानात या दुर्लक्षाची मोजदाद झालेली आहे. २०१४ ते २०२० या काळात सहा प्रमुख नियतकालिकांत आलेले ५,२६१ शोधनिबंध तपासणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण सहभागी व्यक्तींमध्ये स्त्रिया ३४ टक्के होत्या. केवळ पुरुषांवरचे अभ्यास ३१ टक्के, तर केवळ स्त्रियांवरचे ६ टक्के होते.

याउलट त्या राहणीतली माणसे कामाला लागली म्हणजे काय घडते, याचे आपल्याकडचे उदाहरण जयपूर फूटचे आहे. पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय घोटा न वळणारा आणि बुटात घालायचा होता. अनवाणी शेतात जाणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या माणसाला तो निरुपयोगी होता. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा या फारसे शालेय शिक्षण नसलेल्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी या अस्थिशल्यविशारदाने मिळून रबराचा, सर्व दिशांना लवणारा पाय घडवला. उकिडवे बसताना घोट्याला किती वळावे लागते हा बायोमेकॅनिक्सचा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न म्हणून दिसला, कारण तो पाहणारी माणसे त्या राहणीतली होती. तुमच्या विषयात तर हे थेट लागू होते: शस्त्रक्रियेनंतर मला खाली बसता येईल का, हा प्रश्न भारतीय रुग्ण पहिल्या भेटीत विचारतो, आणि मोजमाप मात्र आपण सपाट जमिनीवरच्या चालण्याचे करतो.

आता संस्थेच्या कारभाराकडे वळते. बायोमेकॅनिक्सच्या संघटना तशा तरुण आहेत. पहिले आंतरराष्ट्रीय चर्चासत्र १९६७ मध्ये झुरिकला भरले, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्स १९७३ मध्ये स्थापन झाली आणि अमेरिकन सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्स १९७७ मध्ये. लहान वर्तुळात सुरू झालेल्या संस्थांमध्ये ओळखीवर निर्णय होणे स्वाभाविक असते. सत्राचा संयोजक त्याला आठवणाऱ्या चार माणसांना बोलावतो, आणि त्याला आठवतात ती त्याच्या बरोबर शिकलेली माणसे. म्हणून मी सर्वात आधी वक्त्यांच्या निवडीला हात घालायला सांगेन. अमेरिकेच्या सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेच्या ४६० परिसंवादांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. संयोजक सगळे पुरुष होते तिथे वक्त्यांमध्ये स्त्रिया सरासरी २५ टक्के होत्या, आणि संयोजकांत एक जरी स्त्री असली तरी ते प्रमाण ४३ टक्के होते. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, हे गाइड लगेच सांगतील आणि ते बरोबरच आहे. परंतु उपाय एवढा स्वस्त आहे की तो करून पाहण्यात संस्थेचे काहीच जात नाही: सत्राचा प्रस्ताव मागवतानाच संयोजक एकाहून अधिक आणि वेगवेगळ्या संस्थांमधले असावेत, अशी अट घालता येते.

शोधसारांशांच्या निवडीत लेखकांची नावे आणि विद्यापीठे परीक्षकांपासून झाकावीत, हा प्रस्ताव आमच्याकडे आला तेव्हा सर्वात जोरदार आक्षेप असा होता की क्षेत्र लहान आहे, उपकरणाचे छायाचित्र पाहूनच प्रयोगशाळा ओळखू येते. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. प्रसिद्ध प्रयोगशाळा ओळखू येते. अपरिचित प्रयोगशाळा ओळखू येत नाही, आणि ही तरतूद तिच्यासाठीच असते, कारण विद्यापीठाचे अनोळखी नाव वाचून परीक्षकाच्या मनात उठणारी शंका त्यामुळे टळते. २०१८ मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीचा निरीक्षणवेळ खगोलशास्त्रज्ञांना वाटताना अशी पद्धत लागू केली, तेव्हा स्त्रियांच्या नेतृत्वाखालील प्रस्तावांचे यश पुरुषांच्या प्रस्तावांपेक्षा किंचित अधिक ठरले. आधीच्या फेऱ्यांत ते मागे राहत आले होते. एका फेरीवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. माझ्या अनुभवात नावे झाकण्याइतकाच उपयोग गुणपत्रिका बदलण्याचा झाला. ‘एकंदर दर्जा’ अशा एकाच रकान्याऐवजी प्रश्न स्पष्ट आहे का, पद्धत प्रश्नाला साजेशी आहे का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का, असे वेगळे रकाने आम्ही ठेवले आणि इंग्रजीच्या सफाईला गुण नाहीत, असे लिहून कळवले. त्यानंतर मराठीत किंवा पोर्तुगीजमध्ये विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या कामावरची परीक्षकांची टिपणे पद्धतीबद्दल बोलू लागली.

पुरस्कारांच्या बाबतीत केवळ विजेत्यांची यादी पाहून काही कळत नाही. नामांकने कोणाची आली ते पाहावे लागते. पुष्कळदा निवड समिती निःपक्षपाती असते, पण तिच्यासमोर नावेच एका प्रकारची येतात, कारण नाव सुचवायला ज्येष्ठ माणूस लागतो आणि तो आपल्या विद्यार्थ्याला सुचवतो. स्वतःचे नाव स्वतः सुचवण्याची मुभा आणि बाळंतपण, आजारपण किंवा स्थलांतर यांत गेलेला काळ वयोमर्यादेतून वजा करण्याची तरतूद, या दोन गोष्टींवर मी आग्रह धरीन.

सत्रातल्या प्रश्नोत्तरांबद्दलही लिहिते, कारण तिथे नव्या माणसाला आपण या मंडळीत मोडतो की नाही ते जाणवते. दहा देशांतील २४७ शैक्षणिक व्याख्यानांच्या निरीक्षणात, श्रोत्यांमधील प्रमाण लक्षात घेऊनही, स्त्रियांनी प्रश्न विचारण्याची शक्यता पुरुषांच्या मानाने सुमारे अडीचपटीने कमी आढळली, आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की ही दरी वाढत होती. सत्राध्यक्षाला पहिला प्रश्न विद्यार्थ्याला द्यावा असे सांगणे, हा यावरचा उपाय शून्य खर्चाचा आहे. आम्ही सत्राध्यक्षांच्या सूचनापत्रात तो घातला.

पैसा आणि प्रवास हा सर्वात दुर्लक्षित भाग आहे, आणि तिथे तुमचा भारतीय अनुभव खरोखर उपयोगी पडेल. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्सच्या परिषदा २०१९ मध्ये कॅल्गरी, २०२३ मध्ये फुकुओका, २०२५ मध्ये स्टॉकहोम अशा शहरांत भरल्या. भारतात कनिष्ठ संशोधनवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. नोंदणी शुल्क विद्यार्थ्यांनाही बहुधा काहीशे डॉलर पडते आणि विमानभाडे, व्हिसा, निवास त्याहून वेगळे. त्याच संस्थेने आर्थिकदृष्ट्या विकसनशील देशांसाठी स्वतंत्र उपक्रम चालवला आहे, त्यामुळे मदतीची कल्पना नवी नाही. अडते ते तपशिलात. अनुदान परिषद झाल्यावर पावत्या पाहून द्यायचे असेल, तर ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे किंवा क्रेडिट कार्ड नाही त्याला ते मिळून न मिळाल्यासारखे असते. शोधसारांश स्वीकारल्याचे पत्र परिषदेच्या तीन महिने आधी निघाले, तर भारतातल्या किंवा नायजेरियातल्या विद्यार्थ्याला व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळत नाही. व्हिसा नाकारला गेला तर शुल्क परत मिळणार का, हे अर्जावर लिहिलेले नसते. आमच्या समितीने स्वीकृतीची तारीख आधीची केली, अनुदान आगाऊ देण्याची पद्धत कोषाध्यक्षांच्या गळी उतरवली आणि व्हिसा नाकारल्यास शुल्क परतीचा नियम लिहून घेतला. या तीन बदलांना परिसंवादासारखी टाळी मिळत नाही, पण मी समितीच्या कामात सर्वात वर त्यांना ठेवते.

मुलांच्या सांभाळासाठी अनुदान, स्तनपानासाठी खोली, सभागृहात तान्ह्या बाळाला घेऊन बसण्याची मुभा यांचाही यात समावेश होतो. अमेरिकेतील विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातल्या नोकरदारांच्या २०१९ मधील एका अभ्यासात पहिल्या अपत्यानंतर ४३ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष त्या क्षेत्रातली पूर्णवेळ नोकरी सोडताना दिसले. पुरुषांचा आकडाही लहान नाही, म्हणून अशा सोयी ‘मातांसाठी’ असे न लिहिता पालकांसाठी ठेवाव्यात.

अपंग संशोधकांबद्दल मला विशेष तळमळ आहे. आपल्या विषयात अपंग व्यक्ती वर्षानुवर्षे ‘सहभागी रुग्ण’ म्हणून प्रयोगशाळेत येतात, आणि संशोधक म्हणून फार थोड्या येतात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातील ह्यू हेर यांचे दोन्ही पाय १९८२ मधील गिर्यारोहणाच्या दुर्घटनेनंतर गुडघ्याखाली कापावे लागले आणि पुढे ते कृत्रिम पायांच्या संशोधनातले अग्रणी झाले. पण एवढ्या मोठ्या क्षेत्रात पुन्हा पुन्हा तेच एक नाव घ्यावे लागते, यातच उणीव दिसते. चालण्यावरच्या परिषदेत व्यासपीठावर चढायला फक्त पायऱ्या असाव्यात, पोस्टर चाकाच्या खुर्चीतून वाचता येऊ नयेत, आणि ‘माझा आवाज मोठा आहे’ म्हणून वक्त्याने ध्वनिक्षेपक नाकारावा, हे आता तरी थांबायला हवे. नोंदणी अर्जात गरजा विचारणे आणि त्या पुरवण्याची जबाबदारी नाव घेऊन एका व्यक्तीवर देणे, एवढ्याने बरेच साधते.

हे सगळे करताना मोजणी ठेवा. आपण मोजमाप करणारी माणसे आहोत आणि आकडे नसले की कार्यकारिणी दरवर्षी ‘परिस्थिती सुधारते आहे’ एवढेच ऐकते. सभासद, सादर झालेले शोधसारांश, व्यासपीठ व पोस्टर यांतील वाटणी, नामांकने आणि विद्यार्थी सभासदांपैकी किती जण पुढे पूर्ण सभासद झाले, हे दरवर्षी एकाच पद्धतीने नोंदवावे. माहिती ऐच्छिक असावी, आणि एखाद्या गटात पाचाहून कमी व्यक्ती असतील तर तो आकडा जाहीर करू नये, कारण लहान संस्थेत ‘अमुक वंशाच्या, अमुक देशातल्या दोन स्त्रिया’ म्हटले की त्या कोण हे सर्वांना कळते.

आता तुमची तिसरी शंका. अमेरिकेतल्या अर्जावर तुमची नोंद आशियाई म्हणून होते. अभियांत्रिकीत आशियाई विद्यार्थी संख्येने कमी नाहीत, नेतृत्वाच्या जागी मात्र कमी दिसतात. म्हणजे एका बाजूने तुम्ही अल्पसंख्य आहात आणि दुसऱ्या बाजूने नाही, आणि भारतातल्या तुमच्या स्थानाचा तर त्या अर्जाला पत्ताच नाही. तुम्ही हे स्वतःहून लिहिले याचा मला आदर वाटतो. माझे उत्तर असे की समितीवर कोणाचे प्रतिनिधित्व करण्याची सक्ती मानू नका. तुम्हाला जे दिसते ते मांडा आणि जे दिसत नाही ते विचारा. कृष्णवर्णीय संशोधकांच्या अडचणींसाठी ब्लॅक बायोमेकॅनिस्ट्स असोसिएशन आहे, स्त्रियांचे इंटरनॅशनल विमेन इन बायोमेकॅनिक्स हे जाळे आहे. दोन्ही २०२०च्या सुमारास उभी राहिली. त्यांच्या वतीने अंदाज बांधण्यापेक्षा त्यांना बैठकीत बोलवावे. आणि जातीचा प्रश्न परदेशात सुटतो असे मानू नका. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये आणि सिॲटल शहराने २०२३ मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा स्पष्ट उल्लेख केला, तो तिथे शिकणाऱ्या आणि काम करणाऱ्या दलितांनी आपले अनुभव पुढे येऊन सांगितल्यामुळेच. संस्थेच्या आचारसंहितेत जात हा शब्द आहे का, हे विचारणारी व्यक्ती आपल्यातलीच असायला हवी. अमेरिकी सहकाऱ्यांना तो शब्द सुचणार नाही.

गाइडच्या आक्षेपाकडे दुर्लक्ष करू नका. पोस्टडॉकची दोन-तीन वर्षे पुढची नोकरी ठरवतात, आणि हे काम अल्पसंख्य गटातल्या कनिष्ठ संशोधकांवरच येऊन पडते, ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. म्हणून मुदत ठरवून घ्या, महिन्याला किती तास ते आधी लिहून घ्या, आणि समितीचे प्रमुखपद मुळीच स्वीकारू नका; ते नोकरीत कायम असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीकडे असावे, म्हणजे कार्यकारिणीशी मतभेद झाल्यास किंमत तिने मोजावी. समितीतले एकच काम आपल्याकडे घ्या आणि शक्यतो ते असे निवडा की ज्याचा तुमच्या संशोधनाशी सांधा जुळतो. तुम्हाला मी सहभागी निवडीचे निकष आणि कपड्यांविषयीची कार्यपद्धती सुचवेन, कारण त्यातून पद्धतिशास्त्रावरचा एक चांगला लेख निघू शकतो आणि गाइडही त्यात सहलेखक होऊ शकतात.

एक व्यावहारिक सावधगिरी. वैविध्य उपक्रमांविरुद्धच्या जानेवारी २०२५ मधील अध्यक्षीय आदेशांनंतर अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी या विषयाची कार्यालये बंद केली किंवा त्यांची नावे बदलली, आणि टेक्साससारख्या राज्यांत सार्वजनिक विद्यापीठांवर त्याआधीच कायद्याने बंधने आली होती. संस्थेचे काम खासगी सभासदत्वातून चालत असले, तरी तुमचा पगार संघराज्याच्या अनुदानातून येत असेल आणि तुम्ही व्हिसावर असाल, तर विद्यापीठाच्या नियमांविषयी आधी लेखी विचारणा करा. वर सांगितलेले बहुतेक उपाय सर्वांना खुले आहेत: झाकलेली नावे, आगाऊ अनुदान, पालकांच्या सोयी, स्पष्ट गुणपत्रिका. ते कोणत्याही एका गटासाठी राखीव नसल्यामुळे राजकीय वारे बदलले तरी टिकण्याची शक्यता अधिक आहे, आणि मला ते तसेही अधिक न्याय्य वाटतात.

तेव्हा निमंत्रणाला होकार कळवण्यापूर्वी समितीच्या प्रमुखांना एक पत्र लिहा. समितीच्या मागच्या दोन वर्षांच्या शिफारशी कोणत्या होत्या आणि त्यांपैकी कार्यकारिणीने कोणत्या मान्य केल्या, असे त्यात विचारा. समितीचा एक सदस्य कार्यक्रम समितीच्या बैठकीला मताधिकारासह बसतो का, हेही विचारा. बसत नसेल आणि पुढच्या वर्षी बसवण्याची तयारी असेल, तर होकार द्या आणि ती जागा हेच आपले पहिले काम माना. तशी तयारीच नसेल, तर नम्रपणे नकार देऊन संस्थेच्या शोधसारांश परीक्षकांच्या यादीत नाव द्या, कारण तिथे दरवर्षी परीक्षक कमी पडतात आणि एखाद्या अपरिचित प्रयोगशाळेचे काम नीट वाचले जाण्याची सोय तुम्ही तिथे बसून त्याच वर्षी करू शकता.